डीजेच्या मिक्सला दाद द्यायची कशी?

आपल्या मराठवाड्यात डीजेचा विषय निघाला की बोलणं दोन वाक्यांत आटोपतं. एक जण म्हणतो, ‘आवाज वाढव’, दुसरा म्हणतो, ‘बंद करा ते आधी’. नांदेडात जयंतीची मिरवणूक असो की लातूरच्या गंजगोलाईतून जाणारं विसर्जन, वाद होतो तो डेसिबलचा. साउंडमधून जे वाजलं ते संगीत म्हणून कसं होतं, कुणी रचलं, कुठं जमलं आणि कुठं फसलं, हे कुणी विचारत नाही. कीर्तनकाराच्या चालीची चिकित्सा करणारी, ढोलकीवाल्याचा हात पडद्याआडून ओळखणारी आपली माणसं डीजेच्या मिक्सवर मात्र गप्प बसतात. मिक्स ही कारागिरी आहे, तिला नियम आहेत आणि ते कळले की तिच्यावर नेमकं बोलता येतं. त्यासाठी ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या मिक्स अल्बमचं उदाहरण सर्वांत सोयीचं, कारण त्यात डीजेचं काम सर्वांत उघडं दिसतं. शिवाय ट्रान्सची एक मोठी शाखा आपल्या शेजारी, गोव्यात वाढली.

गाणी दुसऱ्यांची, अल्बम डीजेचा

मिक्स अल्बमच्या कव्हरवर नाव असतं डीजेचं, पण आतले बहुतेक ट्रॅक इतरांनी बनवलेले असतात. मग डीजेनं केलं काय? तीन गोष्टी : निवड, क्रम आणि सांधा. शेकडो ट्रॅकमधून दहा-बारा उचलायचे, त्यांची चढउतार पाहून ओळ लावायची आणि एक संपायच्या आत दुसरा असा सुरू करायचा की ठेका कुठंही तुटू नये. ऐकणाऱ्याला तासाभराचा एकच अखंड प्रवाह मिळाला पाहिजे.

हा प्रकार क्लबच्या बाहेर घराघरांत पोहोचला तो सीडीच्या काळात. साशा आणि जॉन डिग्वीड या ब्रिटिश डीजेंचा ‘रेनेसान्स : द मिक्स कलेक्शन’ हा तीन सीडींचा संच १९९४ मध्ये आला. पॉल ओकनफोल्डचा ‘ट्रान्सपोर्ट’ १९९८ चा. नेदरलँड्सच्या टिएस्टोनं १९९९ पासून २००८ पर्यंत ‘इन सर्च ऑफ सनराइज’ या मालिकेचे सात भाग काढले.

अशा अल्बमवर ऐकणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते : ‘माझ्या आवडीचा ट्रॅक अर्धवट कापला.’ ती समजून घ्यायला साधा हिशेब पुरतो. सीडीवर साधारण ७४ मिनिटं मावतात. ट्रान्सचा एक ट्रॅक सात-आठ मिनिटांचा. आठ मिनिटांचे बारा ट्रॅक घेतले तर झाली ९६ मिनिटं. प्रत्येक सांध्यावर दोन ट्रॅक मिनिटभर एकमेकांवर वाजले, तर अकरा सांध्यांची अकरा मिनिटं वाचतात, म्हणजे ७४ मिनिटांत ट्रॅकची ८५ मिनिटं बसतात. तरी प्रत्येक ट्रॅकमधून जवळजवळ एक मिनिट कापावंच लागतं. कात्री अटळ आहे. ती कुठं चालवली, यावर मात्र डीजेला जाब विचारता येतो.

लातूरहून नांदेडला निघालेला प्रवासी अहमदपूरच्या आसपास पोहोचेपर्यंत अशी एक सीडी संपते. तेवढ्या वेळात एकदाही ‘आता दुसरं गाणं लागलं’ असं वाटलं नाही, तर मिक्स साधला.

एक सांधा, जवळून

एक ट्रॅक मिनिटाला १३८ ठोक्यांचा आहे आणि त्यानंतर १४० ठोक्यांचा आणायचा आहे. तसाच सुरू केला तर मिनिटाला दोन ठोक्यांचा फरक पडतो. पंधरा सेकंदांतच एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये पडू लागतो आणि घोडा लंगडत चालल्यासारखा आवाज येतो. म्हणून डीजे पहिल्याचा वेग दीड टक्क्याच्या आतबाहेर वाढवतो, किंवा दुसऱ्याचा तेवढाच उतरवतो. नवा ट्रॅक आधी फक्त त्याच्या हेडफोनमध्ये वाजत असतो. एका कानात तो, दुसऱ्या कानात बाहेरचा.

तबकड्यांच्या जमान्यात वेग बदलला की सूरही सरकायचा. टेक्निक्स कंपनीच्या एसएल-१२०० एमके-२ या १९७९ च्या टर्नटेबलवर वेग आठ टक्क्यांपर्यंत वर-खाली करता येई. पेटीच्या एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर जायला सुमारे सहा टक्के फरक लागतो, हे लक्षात घेतलं तर आठ टक्के म्हणजे किती मोठी ढील होती ते कळेल. आता सॉफ्टवेअर वेग बदलूनही सूर जागच्या जागी ठेवतं.

ठोके जुळले म्हणजे काम संपलं असं नाही. ट्रान्स हा चार-चार ठोक्यांच्या गटांनी चालतो आणि बहुधा बत्तीस ठोक्यांचं एक आवर्तन होतं. १४० च्या लयीत हे आवर्तन पावणेचौदा सेकंदांत पुरं होतं. दर आवर्तनाच्या तोंडाशी काहीतरी बदलतं : टाळी येते, झांजेसारखा बारीक आवाज निघून जातो, नवी धून डोकावते. म्हणून नवा ट्रॅक सुरू करायचा तो आवर्तनाच्या समेवर. समेची चूक झाली तर ठोके जुळलेले असूनही बदल भलत्याच जागी येतात. ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण पाय अडखळतो.

मग येतो बेस. दोन ट्रॅकचे खर्जातले आवाज एकत्र वाजले की सगळा गढूळ गलका होतो. म्हणून डीजे नव्या ट्रॅकचा खर्ज बटण फिरवून आधीच दाबून ठेवतो, वरचे आवाज हळूहळू आत सोडतो आणि नेमक्या समेवर जुन्याचा खर्ज काढून नव्याचा उघडतो. त्या क्षणी वरची धून अजून जुनीच असते, पण पायाखालची जमीन बदललेली असते. चांगल्या सांध्याची खरी मजा इथं आहे, आणि हेडफोन लावून दोन-तीनदा ऐकलं की ती कुणालाही सापडते.

शेवटचा भाग सुराचा. भजनी मंडळात पेटीवाला ‘काळी एक’ की ‘पांढरी चार’ असं आधी विचारून घेतो, तोच प्रश्न डीजेपुढंही असतो. न जुळणाऱ्या पट्टीतल्या दोन धुनी मिनिटभर एकमेकींवर चालल्या तर कान बंड करतो. त्यामुळे डीजे एकतर जुळणाऱ्या पट्टीचे ट्रॅक शेजारी ठेवतो, नाहीतर नुसत्या ठेक्याच्या भागावर सांधा घेतो.

हणजूणच्या किनाऱ्यावर

गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर साठच्या दशकाच्या अखेरीपासून परदेशी भटके उतरू लागले. त्यांच्यातलाच एक गिल्बर्ट लेव्ही. हा कॅलिफोर्नियाचा तरुण १९७० मध्ये गोव्यात आला, पुढे ‘गोवा गिल’ म्हणून जगभर ओळखला गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये गोव्यातच वारला. सुरुवातीला या किनाऱ्यावर रॉक आणि रेगे वाजे. ऐंशीच्या दशकात युरोपातलं इलेक्ट्रॉनिक संगीत कॅसेटवर येऊ लागलं. लोरां नावाच्या फ्रेंच डीजेसारखे लोक त्यातले शब्द कापून फक्त वाद्यांचे लांबलचक भाग वाजवू लागले. रात्रभर नाचणाऱ्याला गोष्ट ऐकायची नव्हती, त्याला लय हवी होती.

पुढे १९८७ मध्ये सोनीची डिजिटल ऑडिओ टेप, म्हणजे ‘डॅट’, आली. गोव्याच्या उन्हात विनाइलच्या तबकड्या वाकतात. डॅटची चिमुकली कॅसेट तिथं टिकायची आणि खिशात मावायची. पण डॅटच्या यंत्रावर ट्रॅकचा वेग सहज बदलता येत नसे, त्यामुळे ठोक्याला ठोका जुळवणं अवघड होतं. उपाय एकच : जिथं ठोकाच नाही तिथं सांधा घ्यायचा. त्यामुळे संगीतकार ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटाला ठेका नसलेले, तरंगते, लांब भाग ठेवू लागले. गोवा ट्रान्समधला मिनिट-दीड मिनिटाचा धूसर आरंभ ऐकून ‘हे सुरूच होत नाही’ असं म्हणणाऱ्यानं हे कारण ध्यानात घ्यावं. यंत्राच्या मर्यादेतून ही शैली घडली, आणि यंत्र बदललं तरी शैली राहिली.

१८ डिसेंबर १९९४ ला पॉल ओकनफोल्डनं बीबीसी रेडिओ वनच्या ‘इसेन्शियल मिक्स’ या कार्यक्रमात दोन तासांचा ‘गोवा मिक्स’ वाजवला. किनाऱ्यावरचं हे संगीत त्यामुळे इंग्लंडच्या घराघरांत गेलं. त्यात त्यानं ‘ब्लेड रनर’साठी व्हॅन्जेलिसनं केलेल्या संगीतासारखं चित्रपटांचं पार्श्वसंगीत पेरलं होतं. नाचायला बसवलेल्या मिक्समध्ये ठेका थांबवून चित्रपटाचे सूर आणणं धाडसाचं होतं. कुणाला तो अडथळा वाटेल, कुणाला श्वास. क्रमाचा विचार म्हणजे काय, हे शिकायला हा मिक्स आजही उपयोगी पडतो.

पुढे हाच प्रवाह आपल्या राज्यात शिरला. डिसेंबर २००७ मध्ये गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेला सनबर्न महोत्सव २०१६ मध्ये पुण्याजवळ केसनंदला आला. तोवर शिक्षणासाठी पुण्यात गेलेल्या आपल्याकडच्या पोरांच्या मोबाइलमध्ये ट्रान्स पोहोचला होता.

मतं का फुटतात

एकाच अल्बमला एक जण ‘काय प्रवास आहे’ म्हणतो आणि दुसरा ‘सगळं सारखंच’. दोघंही खरं बोलत असतात, कारण दोघांनी ऐकलेलं वेगळं असतं.

पहिलं कारण म्हणजे ऐकण्याचं साधन. ट्रान्सचा ठोका साधारण पन्नास-साठ हर्ट्झच्या खर्जात असतो. मोबाइलचा चिमुकला स्पीकर तिथवर पोहोचूच शकत नाही. त्यावर ऐकणाऱ्याला वरची टिकटिक तेवढी मिळते आणि डीजेनं समेवर केलेली बेसची अदलाबदल त्याच्या लेखी घडतच नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका प्रत्यक्ष इलेक्ट्रॉनिक मैफलीत त्यांनी कानाला जवळजवळ न जाणवणारे अतिखर्जाचे स्पीकर मधूनमधून चालू-बंद केले. ते चालू असताना लोकांची हालचाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढली, आणि आपल्याला काही वेगळं मिळतंय याची जाणीव नाचणाऱ्यांना नव्हती. म्हणजे मिक्सबद्दलचं मत शरीरही बनवत असतं.

दुसरं कारण आवाजाची पातळी. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. आवाज वाढला की तोच मिक्स भरदार वाटतो. म्हणून ‘साउंड जोरात होता, मजा आली’ या मतात मिक्सचा गुण किती आणि आवाजाचा किती, हे वेगळं काढलं पाहिजे. आवाजाची किंमतही मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबल चाळीस तास ऐकलं तर चालतं, ९० डेसिबल चार तासच आणि १०० डेसिबल फक्त वीसेक मिनिटं. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर नाचणारा पोरगा आठवड्याचा कोटा पहिल्या चौकातच संपवतो. कान गेला तर दाद देणार कशानं?

तिसरं कारण ओळख. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये मांडलेला सिद्धान्त सांगतो की पुन्हा पुन्हा समोर आलेली गोष्ट माणसाला आवडू लागते. ट्रान्समध्ये बदल बारीक असतात. नव्या कानाला फक्त सारखेपणा कळतो, सरावलेल्याला तीच जागा भरलेली वाटते. जो कधी ख्याल ऐकत नाही, त्यालाही दोन गवयांचा यमन सारखाच वाटतो.

ओळख किती उशिरा होऊ शकते, याचं एक उदाहरण मुंबईचं आहे. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम केला. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहा राग त्यांनी रोलँडच्या टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर अखंड डिस्को ठेक्यात वाजवले. तेव्हा त्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. २०१० मध्ये तो पुन्हा प्रकाशित झाला आणि जगभरचे श्रोते थक्क झाले, कारण शिकागोत १९८७ मध्ये ‘अॅसिड हाउस’ म्हणून जे गाजलं, त्याच्या फार जवळचा नाद इथं पाच वर्षं आधी घुमत होता. अल्बमची एक तानही बदललेली नव्हती. बदलला होता श्रोत्यांचा कान. चरणजीत सिंग २०१५ मध्ये वारले. निदान हयातीत त्यांना ही दाद मिळाली.

अखंडपणाची आपली सवय

तासन्‌तास न तुटणारं संगीत ऐकणं मराठवाड्याला नवं नाही. गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहारा बदलताना एक विणेकरी दुसऱ्याच्या पाया पडतो, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि नामाचा गजर तुटत नाही. सांधा म्हणतात तो हाच. लातूर जिल्ह्यात औशाच्या नाथ संस्थानाचं चक्रीभजन प्रसिद्ध आहे. टाळ-मृदंगाच्या साथीनं चक्राकार फिरत ते म्हटलं जातं आणि लय अंगात भिनत जाते. नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला रेणुकामातेच्या दारी गोंधळ्याचा संबळ चढत्या लयीत घुमतो. ठायीतून द्रुतात चढणारं भजन, उरुसातल्या कव्वालीत एकाच ओळीची होणारी घोटाई, हे सगळं ज्या कानांनी ऐकलंय, त्यांना लय कधी चढवावी आणि कधी रोखावी याची जाण उपजतच असते.

हीच जाण आपल्याकडच्या साउंडवर वाजणाऱ्या मिक्सला लावून पाहायला हवी. इथं जयंतीला आणि वरातीत जो ‘ट्रान्स’ वाजतो, त्याचा साचा ठरलेला आहे : आधी घोषणा किंवा संवाद, मग सायरन, मग वाढत जाणारा ताशासारखा रोल, क्षणभर शांतता आणि धाडकन उतरणारा बेस. त्यावर हलगी किंवा संबळ. ‘साउंड चेक’ आणि ‘हाय गेन’ म्हणून जे वाजतं, ते तर समोरच्या साउंडला हरवायलाच बनवलेलं असतं. अल्बमच्या मापानं हे मोजलं तर अन्याय होईल. अल्बमचा श्रोता तासभर बसलेला असतो, तर मिरवणुकीतली गाडी पुढं सरकत असते. चौकात उभ्या माणसाला त्यातली दोन-तीन मिनिटंच मिळतात, आणि तेवढ्यात त्याच्या अंगावर काटा आणायचा असतो. म्हणून इथला मिक्सवाला थोड्या-थोड्या वेळानं बेस टाकतो. त्याची ही गरज आपण मान्य करू या.

मान्य न करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. ट्रान्सच्या बऱ्याच ट्रॅकमध्ये शब्द नसतात, म्हणून ते कुठल्याही आवर्तनावर कापता येतात. जयंतीला वाजणारं भीमगीत तसं कापता येत नाही. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या कवीनं (१९२२–२००४) गावोगाव फिरून, गाऊन जे लोकांपर्यंत पोहोचवलं, ते शब्दांच्या बळावर. तिथं अंतरा अर्ध्या ओळीत तोडून सायरन घुसवला तर ठेका राहतो आणि म्हणणं जातं. उलट कडवं पुरं होऊ देऊन, ध्रुवपदाच्या समेवर हलगी आणून बेस सोडणारा मिक्सवाला शब्दाचाही मान राखतो आणि पायाचाही. असे हात नांदेड-लातुरात आहेत, आणि त्यांचं कौतुक नावानिशी व्हायला हवं.

मत देण्यापूर्वी

मत आवडीचं असतंच. ते दुसऱ्याच्या उपयोगाचं व्हावं असं वाटत असेल, तर चार गोष्टी पाहाव्यात.

एक, आपण कुठं आणि कशावर ऐकलं ते सांगावं. मोबाइलवर ऐकून ‘बेस नाही’ म्हणणं आणि भिंतीसमोर उभं राहून ‘धून कळत नाही’ म्हणणं, दोन्ही मतं साधनाबद्दलची आहेत.

दोन, बोलावं ते सांध्यांबद्दल. ट्रॅक चांगले असतील तर त्याचं श्रेय ते बनवणाऱ्यांचं. बदल समेवर आला का, खर्ज गढूळला का, सूर भांडले का, ही डीजेची परीक्षा.

तीन, चढण पाहावी. पहिल्या दहा मिनिटांतच सगळी ताकद खर्ची पडली असेल तर पुढं उरतं काय? ‘सुरुवात संथ आहे’ ही तक्रार करण्याआधी ती संथ सुरुवात पुढच्या कुठल्या जागेसाठी राखली होती, ते शोधावं. शेवटापर्यंत ती जागा सापडलीच नाही, तर मात्र तक्रार खरी.

चार, दुसऱ्यांदा ऐकावं, आणि मध्यम आवाजात. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी घालणारे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. त्या मर्यादेत ज्याचे सांधे उठून दिसतात, तो मिक्स खरा पक्का.

आज आपल्याकडच्या मिक्सवाल्याला दोनच प्रतिक्रिया मिळतात : गर्दीची आरोळी आणि पोलिसांची नोटीस. दोन्हींतून तो एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे आवाजाचं बटण. ‘तुझा दुसरा सांधा फार सुंदर होता, पण तिसऱ्या गाण्याचं कडवं का तोडलंस?’ असं कुणीतरी विचारायला लागलं, तर तो सायरनऐवजी समेचा विचार करू लागेल. कुठलीही कला श्रोत्यांच्या अपेक्षेएवढीच उंच होते. कीर्तनाला, शाहिरीला, ढोलकीला आपण तशी अपेक्षा दिली. मिक्सलाही ती देऊ या. आवाज आपोआप खाली येईल, कारण ऐकण्याजोगं काहीतरी असलं की ओरडावं लागत नाही.